कुत्र्याच्या कानातला कोळी कसा ओळखावा आणि कसा घालवावा

वावरात जागलीला सोबत येणारा किंवा गोठ्याच्या दारात पडून राहणारा कुत्रा जेव्हा दिवसभर मान झटकू लागतो, मागच्या पायाने खाजवून खाजवून कानामागचे केस घालवून बसतो आणि कानाला हात लावू देत नाही, तेव्हा घरातले कोणीतरी जवळ असेल ते तेल कोमट करून त्याच्या कानात ओतते. तेलाने प्रत्येक वेळी अपाय होतोच असे नाही. पण कानात काय आहे हे पाहण्याआधी ओतण्याची घाई होते आणि थोडा आराम दिसताच पाहणे थांबते. कुत्र्याच्या कानाचे बहुतेक दुखणे या दोन सवयींमुळे लांबते. प्रथमच कुत्रा पाळणाऱ्यांसाठी येथे कानातल्या कोळ्याविषयी क्रमाने लिहिले आहे.

हा कोळी कोणता

मिरचीवर, वांग्यावर किंवा संत्र्यावर पडणारा कोळी आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. इंग्रजीत ज्याला माइट म्हणतात तो हाच वर्ग. कुत्र्या-मांजरांच्या कानात राहणारी त्यातली जात वेगळी असून तिचे शास्त्रीय नाव ओटोडेक्टिस सायनोटिस असे आहे. हा जीव अर्ध्या मिलीमीटरहून लहान, पांढरट आणि प्रौढावस्थेत आठ पायांचा असतो. तो गोचिडासारखा कातडीत तोंड रुतवून बसत नाही. कर्णनलिकेत फिरून तिथला मळ, मृत त्वचा आणि पाझरणारा द्रव यांवर तो जगतो. त्याच्या वावरामुळे कानाची आग होते, त्वचा अधिक मळ सोडते आणि तोच मळ त्याला खाद्य म्हणून मिळतो.

अंडे फुटायला साधारण चार दिवस लागतात आणि अंड्यापासून प्रौढ कोळी होईपर्यंत सुमारे तीन आठवडे जातात. पुढे प्रौढ कोळी जवळपास दोन महिने जगू शकतो. बरीच औषधे चालत्या कोळ्याला मारतात, पण अंड्यांपर्यंत पोहोचत नाहीत. उपचार तीन ते चार आठवडे का चालवावे लागतात, हे या हिशेबावरून कळेल.

पहिली पायरी: उजेडात पाहणे

सकाळचे कोवळे ऊन अंगणात आले की कुत्र्याला ओळखीच्या माणसाच्या मांडीशी बसवावे आणि कानाची पाळी हलकेच उलटून आत पाहावे. निरोगी कान फिकट गुलाबी असतो, त्यात थोडासा पिवळसर मळ असतो आणि त्याला वास जवळजवळ नसतो. कोळी असलेल्या कानात गडद तपकिरी ते काळा, कोरडा, भुरभुरीत मळ साचलेला दिसतो. कॉफीची पूड किंवा चहाचा वाळलेला चोथा चिमटीत धरल्यासारखा. सहसा दोन्ही कान सारखेच माखलेले असतात. कानाच्या मुळाशी बोटाने हलके चोळले की कुत्र्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागतो. पण अंगावरच्या खरजेतही असे होते, म्हणून एवढ्यावरून निदान ठरवू नये.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी मला फार उपयोगी वाटते. कानाच्या तोंडाशी असलेला मळ स्वच्छ फडक्याने टिपून मुलांच्या काळ्या पाटीवर पसरावा, पाटी उन्हात धरावी आणि साध्या भिंगातून धीराने पाहावे. ऊब लागल्यावर मळाच्या कणांमधून खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पांढरे ठिपके सरकताना दिसले, तर कोळी आहे असे समजावे. पहिल्यांदा मी पाटीकडे अर्धा मिनिट पाहून "काही नाही" म्हणून ती पुसणार होतो, तेवढ्यात एक ठिपका कडेकडे चालू लागला. ठिपके दिसले नाहीत म्हणून कोळी नाहीच, असे मात्र समजू नये, कारण कोळी खोल असू शकतो आणि थोडेच कोळी असूनही भरपूर खाज सुटू शकते.

कुत्रा परका असेल, किंवा ओळखीचा असूनही त्याचे वागणे एकाएकी बदललेले असेल, लाळ गळत असेल, तो विनाकारण अंगावर येत असेल किंवा अंधारात दडून बसत असेल, तर कान तपासण्याच्या भरीस पडू नये. पिसाळण्याचा धोका गावात कायम असतो. तपासताना दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.

कोळी नसून दुसरेच काही असेल तर

आपल्या भागात कानाच्या दुखण्याची इतर कारणेही तितकीच आढळतात. पोळा होऊन गेल्यावर गवत पिकू लागते आणि आश्विन-कार्तिकात धुऱ्यावरची कुसळे कुत्र्याच्या कानात शिरतात. तेव्हा लक्षण एकदम सुरू होते. सकाळी धड असलेला कुत्रा दुपारी वावरातून येतो तो मान एका बाजूला धरून, आणि एकाच कानाला पंजा मारत असतो. कोळ्याचा त्रास हळूहळू वाढतो आणि बहुधा दोन्ही कानांत असतो. कुसळाची टोके उलट्या काट्यांची असल्यामुळे ते पुढेच सरकते. म्हणून ते दिसत असले तरी खोल असेल तर ओढू नये. पशुवैद्यक ते चिमट्याने काढतो.

गोचीड पाळीच्या घडीत दडून बसते, पण ती डोळ्यांना दिसते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि नखावर चिरडू नये. कानातून आंबूस वास येत असेल आणि मळ तेलकट तपकिरी असेल, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो; पिवळा-हिरवा पू असेल तर जिवाणूंचा. पावसाळ्यात जखमेवर माशी बसून अळ्या पडल्या असतील तर मात्र सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. कोळ्याने सुरू झालेल्या कानात पुढे बुरशी आणि जिवाणू दोन्ही शिरतात, त्यामुळे एकाच कानात तिन्ही असू शकतात. नुसते कोळ्याचे औषध देऊन कान बरा झाला नाही, तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी पायरी: दवाखाना

गावाजवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-बैलांसाठीच आहे अशी अनेकांची समजूत असते, पण तिथे कुत्राही दाखवता येतो. कान आतून पाहण्याचे नळीचे यंत्र आणि सूक्ष्मदर्शक तिथे आहे का, हे आधी विचारून घ्यावे. नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयात जावे. दुखणे जुने असेल तर नागपूरचे १९५८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पशुवैद्यक पदव्युत्तर संस्था ही विदर्भातली दोन मोठी ठिकाणे आहेत. जाण्याच्या आदल्या दिवशी कान धुऊ नये आणि त्यात काहीही घालू नये, कारण मळ पुसून टाकला तर काचेवर घ्यायला काहीच उरत नाही. पशुवैद्यक कापसाच्या काडीने मळ घेतो, तेलाच्या थेंबात काचपट्टीवर पसरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. तिथे कोळी आणि त्याची अंडी स्पष्ट दिसतात.

कानाचा पडदा शाबूत आहे का, हा प्रश्न तिथे अवश्य विचारावा. पडदा फाटलेला असेल, तर जेंटामायसिनसारखी काही औषधे कानात घातल्याने ऐकू येणे कायमचे जाऊ शकते. म्हणूनच माणसासाठी आणलेले थेंब किंवा शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली बाटली वापरू नये. कुत्रा मान कायम तिरपी ठेवत असेल, गोल गोल फिरत असेल, चालताना तोल जात असेल किंवा त्याचे बुबुळ थरथरत असेल, तर दुखणे आतल्या कानापर्यंत गेले असे धरून घरी काहीच करू नये.

तिसरी पायरी: कान साफ करणे

नवख्या माणसाचा हात या पायरीवर सर्वांत जास्त चुकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कुत्र्याची कर्णनलिका माणसासारखी सरळ नसते. ती आधी खाली उतरते आणि मग आत वळते. वरून घातलेली काडी वळणावर अडते आणि समोरचा मळ पडद्याकडे दाबते. मी स्वतः पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने कापसाच्या काड्या घेऊन बसलो होतो. वर आलेला मळ पाहून काम झाले असे मला वाटले. प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट मळ मी आत ठासला होता आणि तो काढण्यासाठी कुत्र्याला गुंगी द्यावी लागली. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: बोट सहज जाईल तिथपर्यंतच पुसायचे आणि काडी घरात आणायचीच नाही.

लागणारे सामान थोडे आहे. पशुवैद्यकाने दिलेले कान धुण्याचे द्रावण, किंवा त्याने सांगितल्यास लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानातला स्वच्छ कापूस किंवा जुन्या धुतलेल्या धोतराचे तुकडे. आणि एक दुपट्टा. घरात वेचलेल्या कापसाचा ढीग असला तरी तो यासाठी वापरू नये, कारण त्यात काडीकचरा असतो आणि त्यावर फवारणी झालेली असते.

कुत्रा चावण्याची भीती असेल तर दुपट्ट्याच्या पट्टीचा सैल फास त्याच्या तोंडावरून घालून दोन्ही टोके जबड्याखाली ओलांडावीत आणि मानेमागे सुटेल अशी गाठ मारावी. गाठ कानाच्या मुळापासून खाली ठेवावी, नाहीतर साफ करायचा कानच पट्टीखाली जातो. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग थंड ठेवतो, हे मात्र कधीही विसरू नये. वैशाखातल्या दुपारी तोंड बांधून ठेवलेला कुत्रा काही मिनिटांत उष्माघाताने पडू शकतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, सावलीत करावे आणि एक कान झाला की पट्टी सोडावी.

द्रावणाची बाटली आधी मुठीत धरून कोमट करावी, कारण थंड द्रव आत गेला की कुत्रा दचकतो आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच पळतो. पाळी वर धरून द्रावण नलिका भरेपर्यंत ओतावे. बाटलीचे तोंड कानाला टेकवू नये. मग कानाच्या मुळाशी, जिथे कूर्चेची नळी बोटांना लागते, तिथे अर्धा मिनिट गोल चोळावे. आतून पचपच आवाज आला की द्रावण पोहोचले असे समजावे. यानंतर हात सोडून बाजूला व्हावे आणि कुत्र्याला मान झटकू द्यावी. ही झटकच मळ वर फेकते, म्हणून चांगले कपडे घालून हे काम करू नये. वर आलेला मळ कापसाने टिपावा आणि तो फार असेल तर हेच पुन्हा एकदा करावे. दुसऱ्या कानासाठी नवा कापूस घ्यावा आणि सगळा वापरलेला कापूस जाळून टाकावा. साफ करताना कुत्रा किंचाळला, कापसावर ताजे रक्त आले किंवा उठल्यावर तो लडखडला, तर तिथेच थांबावे. सगळे ठीक झाले तर भाकरीचा तुकडा किंवा उकडलेले अंडे द्यावे.

पाळी उशीसारखी मऊ फुगलेली दिसली तर झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटलेली आहे. ती सुईने किंवा बाभळीच्या काट्याने फोडण्याचा प्रकार गावात सर्रास होतो. त्याने पू होतो आणि कान कायमचा चुरगळतो. ते काम पशुवैद्यकाचे आहे.

चौथी पायरी: औषध

आता कोळ्यासाठी चांगली औषधे मिळतात. मानेवर, खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून कातडीवर टाकण्याचे सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनचे थेंब, आणि तोंडाने देण्याच्या अफोक्सोलानर, फ्लुरालानर या गटातील गोळ्या, यांपैकी एक पशुवैद्यक वजन पाहून निवडतो. ही औषधे सगळ्या अंगात पोहोचतात. त्याचा फायदा असा की झोपताना कानातून निघून शेपटीवर, पंजावर किंवा मानेवर गेलेला कोळीही मरतो. फक्त कानात घालायच्या थेंबांनी तो सुटतो. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर गोळी घेण्याआधी ते सांगावे. कान धुतलेल्या दिवशीच कानात थेंब घालायचे असतील, तर आधी कान कोरडा होऊ द्यावा.

बैलाच्या गोचिडांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अनेक घरांत असते आणि तेच कुत्र्याला देण्याचा मोह होतो. या औषधाने कोळी मरतो हे खरे आहे, पण हिशेब पाहावा. एक टक्क्याच्या औषधात दर मिलीत दहा मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असते आणि गुरांना पन्नास किलो वजनाला एक मिली असे ते देतात. दोन किलोच्या पिल्लाला तेच एक मिली टोचले, तर किलोमागे पाच मिलिग्रॅम होतात, म्हणजे गुरांच्या मात्रेच्या पंचवीस पट. असे पिल्लू थरथरते, त्याला दिसेनासे होते, ते लाळ गाळते आणि बेशुद्ध पडते. कोली आणि मेंढ्या राखणाऱ्या काही विलायती जातींत जनुकीय दोषामुळे याहून कितीतरी कमी मात्राही मेंदूपर्यंत जाते, आणि गावातल्या संकरित कुत्र्यात कोणते रक्त आहे हे नुसते पाहून सांगता येत नाही. मला एका दुकानदाराने ही बाटली "दोन मिली मार, झालं" असे सांगून दिली होती. कुत्र्याचे वजन किती, हे त्याने विचारले नव्हते.

शेतातल्या औषधांबद्दल तर अधिक कडकपणे लिहायला हवे. पिकावरचा कोळी आणि कानातला कोळी एकाच वर्गातले म्हणून फवारणीचे कोळीनाशक पाण्यात मिसळून कानात घालणे, हा तर्क ऐकायला सरळ वाटतो आणि कुत्र्याचा जीव घेतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच्या विषबाधेने माणसे दगावली. सुजलेल्या कानात घातलेले तेच विष किती वेगाने अंगात भिनेल याचा विचार करावा. रॉकेल, टर्पेंटाइन, फिनाइल, तंबाखूचे पाणी आणि स्पिरिट यांनीही आतली त्वचा भाजते. राहिले घरचे तेल. जवसाचे किंवा खोबऱ्याचे तेल मळ मऊ करते आणि काही कोळी गुदमरतातही, पण अंडी राहतात, आणि पडदा फाटलेला असेल तर तेल मधल्या कानात उतरते. कडुनिंबाचे किंवा करंजाचे निव्वळ तेल सुजलेल्या कानाला झोंबते. मी स्वतः आता पडद्याची खात्री झाल्याशिवाय तेलाचा थेंबही घालत नाही.

पाचवी पायरी: बाकीची जनावरे आणि अंथरूण

हा कोळी एका अंगाचा दुसऱ्या अंगाला स्पर्श होऊन पसरतो, आणि त्याचे खरे घर बहुधा मांजर असते. घरात कुत्र्याचे कान दोनदा साफ करूनही त्रास परत येत असेल, तर चुलीजवळ झोपणाऱ्या मांजरीचे कान पाहावेत. आमच्या घरी तेच निघाले. मांजर फारशी खाजवत नव्हती म्हणून तिच्याकडे कोणी पाहिलेच नव्हते, आणि कुत्रा थंडीत तिच्या अंगाला अंग लावून एकाच गोणपाटावर झोपत असे. म्हणून घरातील सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत. मांजरीला कुत्र्याचे औषध देऊ नये. विशेषतः परमेथ्रिन असलेले थेंब मांजरीला मारतात. व्यालेल्या कुत्रीच्या कानातला कोळी पिल्लांना जन्मानंतर लगेच लागतो आणि सहा आठवड्यांखालील पिल्लांना बहुतेक औषधे चालत नाहीत. म्हणून कुत्री गाभण असतानाच पशुवैद्यकाला विचारून ठेवावे.

माणसाला हा कोळी क्वचितच लागतो आणि लागला तरी हातावर चार दिवस पुरळ येऊन जातो. अंगाबाहेर तो काही दिवस जगू शकतो, त्यामुळे कुत्र्याचे गोणपाट, फडकी आणि पट्टा उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवावेत. आपल्याकडच्या उन्हाची एरवी कितीही तक्रार केली तरी या कामाला ते उत्तम. धानाच्या तणशीवर कुत्रा झोपत असेल तर ती तणस बदलावी.

सहावी पायरी: दिवस मोजणे

औषध सुरू केल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी. चार-पाच दिवसांत खाज उतरते आणि आठव्या दिवशी कान इतका स्वच्छ दिसतो की बाटली फळीवर जाते. पण त्या वेळी अंड्यांतून निघालेली नवी पिढी वाढत असते. पशुवैद्यकाने दिलेली मुदत तीन आठवड्यांची असेल तर एकविसावा दिवस येईपर्यंत थेंब चालू ठेवावेत. मानेवरच्या औषधाची दुसरी मात्रा महिन्याने सांगितली असेल तर तीही द्यावी. कान मात्र रोज धुऊ नये. ओला राहिलेला कान बुरशीला निमंत्रण देतो. सांगितले नसेल तर आठवड्यातून एकदा धुणे पुरे होते.

तिसाव्या दिवशी पाटी पुन्हा उन्हात धरावी. मळ पिवळसर आणि थोडाच निघाला, भिंगाखाली काही हलले नाही आणि कुत्र्याने कानाला हात लावू दिला, तरच बाटली आवरून ठेवावी. त्यातला एकही ठिपका चालताना दिसला तर कुत्रा आणि मांजर दोघांनाही घेऊन पुन्हा दवाखान्यात जावे आणि कॅलेंडरवर पुन्हा पहिला दिवस लिहावा.